आकाशाची राहदारी

मोगल अमदानीत सुरत बंदरात उतरलेला माल आग्र्याकडे निघाला की त्याची एक मोठी वाट आमच्या खानदेशातून जात असे. नंदुरबार, चोपडा, सावदा अशी मजल-दरमजल करीत व्यापाऱ्यांचे तांडे तापीच्या खोऱ्यातून बुऱ्हाणपूर गाठीत. बुऱ्हाणपूरच्या अलीकडचे जुने एदलाबाद, म्हणजे आजचे मुक्ताईनगर, हे त्याच दळणवळणाच्या पट्ट्यातील गाव होय. या वाटांवर ठिकठिकाणी चौक्या असत आणि तेथे जो कर द्यावा लागे त्यास राहदारी म्हणत. या कराचे मूळ समर्थन साधे होते : चोर-दरोडेखोरांपासून वाट राखावयाची तर पहाऱ्याचा खर्च वाटसरूंनी सोसला पाहिजे. पुढे पहारा विरळ होत गेला आणि कर तेवढा दाट होत गेला. औरंगजेबाने राज्यावर आल्यानंतर राहदारी बंद करण्याचा हुकूम काढला. तथापि जहागीरदार आणि स्थानिक अंमलदार ती आपापल्या हद्दीत वसूल करीतच राहिले. सेवेचा मोबदला म्हणून सुरू झालेली पट्टी पुढे हक्काची खंडणी कशी बनते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

ही जुनी हकीकत आज आठवण्याचे कारण असे की, जमिनीवरून बव्हंशी उठलेली ही राहदारी आता आकाशात जाऊन बसली आहे. एखाद्या खाजगी विमानास आपल्या देशातून निघून तिसऱ्या देशास जावयाचे असेल आणि मध्ये दुसऱ्या कोणाचा मुलुख लागत असेल, तर त्या मुलुखाच्या जमिनीस चाकही न लावता केवळ वरून जाण्यासाठी त्याला परवानगी काढावी लागते आणि बहुतेक ठिकाणी शुल्कही भरावे लागते. ज्या तालुक्यात एसटीची वाट पाहण्यात माणसाचा अर्धा दिवस जातो, त्या तालुक्यातील वाचकांपुढे हा श्रीमंतांच्या विमानांचा प्रश्न कशाला, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, हा प्रश्न श्रीमंतांचा नाही. तो शेजाऱ्यांचा आहे. चांगदेव येथे पूर्णा आणि तापी यांचा संगम होतो, त्या संगमावरचे आकाश संगमाच्या पाण्याइतकेच राष्ट्राच्या मालकीचे असते. त्या मालकीचा उपयोग राष्ट्र कसा करते, यावरून त्याची नीती कळते. शिवाय धुळ्याच्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबचे आणि शिरपूरच्या धावपट्टीवर तेथील संस्थेचे विमानचालनाचे शिक्षण चालते. तेव्हा छोट्या विमानांचे नियम ही खानदेशाच्या दृष्टीने परग्रहावरील गोष्ट खचित नव्हे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. विमाने नवी होती तेव्हा विद्वानांत मोठा वाद होता. आकाश हे समुद्राप्रमाणे सर्वांना मोकळे असावे, असे एक पक्ष म्हणे. जमीन ज्याची त्याचेच वरचे आकाश, असे दुसरा म्हणे. पहिल्या महायुद्धाने हा वाद मिटविला. डोक्यावरून बाँब पडू लागल्यावर मोकळ्या आकाशाची भाषा कोणाला पटणार? १९१९ च्या पॅरिस करारात प्रत्येक राष्ट्राची आपल्या आकाशावरील सत्ता मान्य झाली. १९४४ च्या डिसेंबरात अमेरिकेतील शिकागो शहरी झालेल्या कराराने तीच गोष्ट पहिल्या कलमात पुन्हा पक्की केली. हा करार ४ एप्रिल १९४७ पासून अमलात आला. भारत व पाकिस्तान ही दोन्ही राष्ट्रे त्याच वर्षापासून त्यात सामील आहेत आणि आजही जगातील नागरी विमानवाहतूक याच करारावर उभी आहे.

या करारातील दोन कलमे आमच्या प्रस्तुत विषयाचा गाभा आहेत. पाचव्या कलमाने असे ठरले की, ठराविक वेळापत्रकाने न चालणाऱ्या विमानांना, आणि खाजगी विमाने यातच येतात, दुसऱ्या सदस्य राष्ट्रावरून न थांबता जाण्यास किंवा उतारू-माल न घेता इंधनादि कारणांसाठी उतरण्यास पूर्वपरवानगीची गरज नाही. मात्र त्या राष्ट्राने उतरावयास सांगितल्यास उतरले पाहिजे. आणि दुर्गम किंवा मार्गदर्शनाची सोय नसलेल्या प्रदेशावरून जावयाचे असल्यास ठरवून दिलेल्या मार्गाने जावे अथवा विशेष परवानगी घ्यावी, असे सांगण्याचा अधिकार त्या राष्ट्रास आहे. पंधरावे कलम पैशासंबंधी आहे. केवळ वरून जाण्याच्या, देशात येण्याच्या किंवा देशाबाहेर पडण्याच्या हक्काबद्दल कोणत्याही राष्ट्राने शुल्क आकारू नये, असे ते स्पष्ट बजावते. विमानतळ आणि मार्गदर्शनाच्या सोयी यांच्या वापराचे शुल्क घेता येते. परंतु ते प्रसिद्ध केलेले असावे आणि तशाच प्रकारच्या स्वदेशी विमानास जे पडते त्याहून परक्यास अधिक पडू नये.

थोडक्यात, शिकागो कराराने राहदारी तिच्या मूळ शुद्ध रूपात परत नेली. पहारा ठेवाल तर पहाऱ्याचे पैसे घ्या. परंतु केवळ वाट तुमच्या गावावरून जाते म्हणून हात पसरू नका. इतके न्याय्य तत्त्व मोगल बादशहालाही आपल्या चौक्यांवर रुजविता आले नव्हते.

या तत्त्वाप्रमाणे हिशेब कसा होतो, हे युरोपच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. तेथील अनेक राष्ट्रांनी मिळून १९६० च्या कराराने युरोकंट्रोल नावाची संस्था स्थापिली व तिच्यामार्फत १९७१ पासून मार्गशुल्काची एकत्र वसुली सुरू झाली. रीत अशी : देशावरून कापलेल्या अंतराच्या किलोमीटरांस १०० ने भागावयाचे, विमानाच्या कमाल वजनाच्या टनांस ५० ने भागून येणाऱ्या संख्येचे वर्गमूळ काढावयाचे, या दोहोंच्या गुणाकारास त्या देशाच्या दराने गुणावयाचे. वर्गमुळातच या रीतीची खुबी आहे. ५० टनी विमानाचा वजनाचा अंक १ येतो, तर २०० टनी विमानाचा ४ न येता २ येतो. कारण विमान चौपट जड झाले म्हणून जमिनीवरील नियंत्रकाचे काम चौपट होत नाही. परंतु मोठ्या विमानाची देण्याची शक्ती अधिक असते, हेही खरे. आणि दोन टनांहून कमी वजनाच्या विमानांना हे मार्गशुल्क मुळीच लागत नाही. जे विमान रेडिओवर चार शब्द बोलून आपल्या वाटेने निघून जाते, त्याच्याकडून चार नाणी वसूल करण्यास कारकून बसवावा, हा व्यवहार शहाणपणाचा नव्हे, हे तेथील लोकांनी ओळखले आहे.

इतरत्र निरनिराळ्या रीती आहेत. भारतात मार्ग-मार्गदर्शन सुविधा शुल्क विमानाचे वजन व अंतर पाहून भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे भरावे लागते. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या मोठ्या विभागांत आपले आकाश नियंत्रणासाठी वाटलेले असून मुक्ताईनगरावरून रात्री दिवे लुकलुकवीत जाणारे विमान मुंबई विभागाच्या देखरेखीखाली असते. अमेरिकेने न उतरता वरून जाणाऱ्या परदेशगामी विमानांवर शुल्क बसविले, तेव्हा विमान कंपन्यांनी ते न्यायालयात नेले आणि १९९८ मध्ये ते रद्द करविले. सेवेच्या प्रत्यक्ष खर्चाशी त्याचा मेळ घालून अमेरिकन सरकारला ते पुन्हा बसवावे लागले. परकी विमानेही सरकारला ‘तुमचा हिशेब दाखवा’ असे सांगू शकतात आणि न्यायालय ते ऐकून घेते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

याच्या उलट उदाहरण रशियाचे. युरोपातून जपान-चीनकडे जाणारी सर्वांत जवळची वाट सायबेरियावरून जाते. या वाटेने जाणाऱ्या परदेशी कंपन्यांकडून मार्गदर्शनाच्या शुल्काखेरीज वेगळी रक्कम घेतली जाई आणि ती रशियाच्या सरकारी विमान कंपनीच्या, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्याच, खिशात पडे. युरोपीय राष्ट्रांनी यावर वर्षानुवर्षे तक्रार केली. भूगोलाने दिलेल्या स्थानाचे असे भाडे घेणे यालाच आमच्याकडे जहागीरदारी म्हणतात. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटल्यावर रशिया व पाश्चात्त्य देश यांनी एकमेकांचे आकाशच बंद केले आणि ही मिळकतही आटली.

येथवर पैशाची बाजू झाली आणि ती आमच्या मते दुय्यम आहे. दराचा तक्ता प्रसिद्ध असला की वैमानिक घरी बसून खर्चाचा अंदाज करू शकतो. परवडले तर जाईल, न परवडले तर राहील. खरी अडचण परवानगीची आहे. पाचव्या कलमाने दिलेले ‘परवानगीविना जाण्याचे’ स्वातंत्र्य बहुतेक राष्ट्रांनी सुरक्षिततेच्या अपवादाचा आधार घेऊन कागदावरच ठेवले आहे. नियमाहून अपवाद मोठा झाला आहे. आपल्याकडे परदेशी खाजगी विमानास नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाची आगाऊ मंजुरी लागते. उड्डाणाचा आराखडा द्यावा लागतो. हवाई संरक्षण दलाकडून अनुमती क्रमांक मिळवावा लागतो. इतर अनेक देशांत कमीअधिक हेच आहे. एका सहा-सात देशांच्या प्रवासात सहा-सात दारे ठोठवावी लागतात. त्यांपैकी एकाने उत्तर दिले नाही की पुढची सगळी मंजुऱ्यांची माळ ओघळून जाते. हे काम स्वतः करणे अशक्यप्राय झाल्यामुळे मध्यस्थांचा एक धंदाच उभा राहिला आहे, आणि छोट्या विमानाच्या मालकास सरकारी शुल्कापेक्षा मध्यस्थाचे बिलच पुष्कळदा जड जाते. खर्च वाढविणारा घटक दर नसून अनिश्चितता हा आहे.

तथापि राष्ट्रांची भीती निराधार आहे, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. २८ मे १९८७ रोजी माथियास रुस्ट नावाच्या १८ वर्षांच्या जर्मन तरुणाने हेलसिंकीहून एक छोटे सेसना विमान उडविले आणि कोणाचीही परवानगी न घेता ते थेट मॉस्कोच्या लाल चौकाशेजारी नेऊन उतरविले. महासत्तेची हवाई तटबंदी अशी एका पोराने ओलांडल्यामुळे सोव्हिएत संरक्षणमंत्र्यांस आपले पद गमवावे लागले. ती गोष्ट जगाने हसण्यावारी नेली. परंतु आपल्याकडील पुरुलियाची घटना हसण्यासारखी नव्हती. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री एका परदेशी अँटोनोव्ह मालवाहू विमानाने पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात शस्त्रास्त्रे व दारूगोळा यांच्या पेट्या छत्र्यांनी खाली सोडल्या. तेच विमान काही दिवसांनी पुन्हा भारतावरून जात असता हवाई दलाने त्यास मुंबईत उतरण्यास भाग पाडले. विमानातील एक ब्रिटिश इसम व पाच वैमानिक-कर्मचारी पकडले गेले. परंतु कटाचा मुख्य सूत्रधार विमानतळावरूनच निसटला.

या प्रकरणातून जो बोध घ्यावयाचा तो मात्र अनेकदा उलटा घेतला जातो. ते विमान चोरवाटेने आले नव्हते; ते रीतसर मंजुरीच्या कागदांवर आले होते, वाराणसीला उतरून त्याने इंधनही घेतले होते. म्हणजे कागद होते, नजर नव्हती. अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या दस्तकांचे असेच झाले. कंपनीच्या मालास जकातमाफी देणारे ते परवाने कंपनीचे नोकर आपल्या खाजगी व्यापारास वापरू लागले; कागद खरा, माल खोटा. त्यातूनच मीर कासीमाशी तंटा झाला आणि १७६४ ची बक्सारची लढाई ओढवली. परवान्यांची संख्या वाढविल्याने राज्य सुरक्षित होत नाही; परवान्यामागे पाहणारा डोळा असावा लागतो. प्रामाणिक वैमानिकास महिनाभर तिष्ठत ठेवणारी आणि लबाडास तीन शिक्क्यांवर सोडून देणारी व्यवस्था दोन्हीकडून नापास होते. संरक्षण हवे तर रडार, प्रशिक्षित नियंत्रक आणि दोन खात्यांतील परस्पर संपर्क यांवर पैसा खर्च केला पाहिजे.

सुरक्षेच्या नावाखाली कोठवर जावे, याचीही एक सीमा जगाने फार मोठी किंमत देऊन आखली आहे. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलेले कोरियन प्रवासी विमान लढाऊ विमानाने पाडले आणि २६९ माणसे प्राणास मुकली. त्यानंतर १९८४ मध्ये शिकागो करारात दुरुस्ती होऊन, उडत असलेल्या नागरी विमानावर शस्त्र चालवू नये, हा नियम लिहिला गेला. परवानगी नसलेले विमान हे आधी चुकलेले वाटसरू समजावे आणि मग आरोपी, हा त्या दुरुस्तीचा अर्थ आहे. संतांच्या भूमीत राहणाऱ्यांना तो वेगळा समजावून सांगावा लागू नये.

आता आपल्या शेजाराकडे वळू. परवानगीचे शस्त्र कसे चालते, याचा धडा हिंदुस्थान-पाकिस्तानाइतका कोणीच गिरविलेला नसेल. १९५२ मध्ये पाकिस्तानने आपल्या पश्चिम सरहद्दीवरून भारतीय विमानांना अफगाणिस्तानात जाण्यास मनाई केली. भारताने आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेकडे तक्रार नेली आणि पुढे वाटाघाटीने अरुंद मार्ग मोकळे झाले. १९७१ च्या जानेवारीत ‘गंगा’ हे भारतीय विमान पळवून लाहोरला नेण्यात आले व तेथे जाळण्यात आले. तेव्हा ४ फेब्रुवारीपासून भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. पाकिस्तानच्या पूर्व आणि पश्चिम भागांतील सरळ हवाई वाट त्यामुळे तुटली. तो तंटा हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला. १८ ऑगस्ट १९७२ रोजी न्यायालयाने भारताचे अपील फेटाळले आणि संघटनेस या प्रकरणी सुनावणीचा अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. एकमेकांवरून उड्डाणे पुन्हा सुरू होण्यास १९७६ उजाडावे लागले.

बालाकोटनंतर, २०१९ च्या फेब्रुवारीअखेरीपासून १६ जुलैपर्यंत पाकिस्तानचे आकाश भारतीय विमानांस बंद होते. भारतीय विमान कंपन्यांस सुमारे ५४८ कोटी रुपयांचा भुर्दंड पडल्याचे संसदेत सांगण्यात आले. पाकिस्तानच्या मंत्र्यांनी आपला तोटा साडेआठ अब्ज पाकिस्तानी रुपये असल्याचे सांगितले. पहलगामच्या हत्याकांडानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने आणि ३० एप्रिल रोजी भारताने पुन्हा एकमेकांस आकाश बंद केले; मुदत महिन्यामहिन्याने वाढत राहिली. त्या वर्षी ३० जूनपर्यंत आपले ४.१ अब्ज रुपयांचे उत्पन्न बुडाल्याचे पाकिस्तानच्या संरक्षण खात्याने तेथील संसदेस कळविले. जे भाडे मिळावे म्हणून चौकी उभारली, ते चौकी बंद केल्याने बुडाले; आणि ज्याला अडविले तो वळसा घालून, अधिक इंधन जाळून, पोहोचलाच. निरपराध प्रवाशांची हत्या घडविणाऱ्यांस शासन झाले पाहिजे, याविषयी आमच्या मनात तिळमात्र संदेह नाही आणि युद्धप्रसंगी आकाश मिटून घेण्याचा राष्ट्राचा अधिकारही आम्ही मानतो. आमचे म्हणणे एवढेच की, हे दार मिटण्याची सवय झाली म्हणजे त्यात सर्वांत आधी चेंगरतो तो छोटा. मोठ्या कंपन्या वळसा घालतात, तिकिटाचा दर वाढवितात आणि तग धरतात. टाकीत मोजकेच इंधन असलेल्या एका इंजिनाच्या विमानास वळसा घालताच येत नाही. त्याच्या दृष्टीने बंद आकाश म्हणजे संपलेला प्रवास.

किती संपलेला, हे एका तारखेवरून मोजता येते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून पस मॉथ जातीच्या लहान विमानात टपालाच्या थैल्या घेऊन उड्डाण केले आणि अहमदाबादेस इंधन भरून ते मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. टाटांच्या हवाई टपालसेवेचा तो प्रारंभ. त्यावेळी सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. १९३६ मध्ये तो वेगळा झाला. म्हणजे टाटांचे विमान एका इलाख्यातील एका शहरातून त्याच इलाख्यातील दुसऱ्या शहरात आले होते. त्याच सुमारास पश्चिमेकडे मात्र आकाशाची राहदारी सुरू झालीच होती. इंग्लंडहून येणाऱ्या इंपीरियल एअरवेजच्या विमानांना इराणने आपल्या किनाऱ्यावरून जाण्याची मुदत वाढवून दिली नाही, म्हणून १९३२ च्या ऑक्टोबरातच ती वाट आखाताच्या अरबी बाजूस, शारजाकडे, वळवावी लागली. शारजाच्या शेखांशी उतरण्याच्या जागेचा करार झाला आणि त्याचे दरमहा भाडे ठरले ते रुपयांत, कारण त्या किनाऱ्यावर तेव्हा हिंदुस्थानचा रुपया चालत असे.

पन्नास वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी टाटांनी तेच उड्डाण लेपर्ड मॉथ विमानातून पुन्हा केले. तोवर कराची परदेश झाली होती. दोन देशांत तीन युद्धे होऊन गेली होती. तरीही पाकिस्तानने परवानगी दिली, एका वृद्ध वैमानिकाचे एकाकी विमान सरहद्द ओलांडून आले आणि कोणत्याही राष्ट्राच्या सार्वभौमत्वास त्याने ओरखडाही उमटला नाही. जुलै २०१८ मध्ये मुंबईची आरोही पंडित आणि तिची सहकारी कीथेर मिस्क्विटा या दोघी पतियाळाहून ‘माही’ नावाच्या अतिहलक्या विमानातून पश्चिमेकडे निघाल्या, त्याही प्रथम पाकिस्तानात उतरल्या. १९४७ नंतर भारताचे असे हलके विमान तेथे प्रथमच उतरले, असे तेव्हा सांगण्यात आले. पुढे मे २०१९ मध्ये आरोहीने त्याच विमानातून एकटीने स्कॉटलंडहून आइसलंड, ग्रीनलंडमार्गे अटलांटिक ओलांडून कॅनडा गाठला. अशा विमानाने अटलांटिक एकटीने ओलांडणारी ती पहिली स्त्री.

याच आरोहीने १५ ऑक्टोबर २०२१ रोजी टाटांच्या पहिल्या उड्डाणाची आठवण म्हणून तसेच उड्डाण केले आणि ती जुहूस उतरली. परंतु ती निघाली कराचीहून नव्हे, भुजहून. भुजची ती धावपट्टी १९७१ च्या युद्धात बाँबवर्षावाने उखडली असता माधापर गावच्या स्त्रियांनी तीन दिवसांत दुरुस्त केली होती. त्या धावपट्टीचा अभिमान कोणास वाटणार नाही? तरीही नकाशावरची ती रेषा कराचीऐवजी भुजपासून सुरू व्हावी, यात गेल्या चाळीस वर्षांत आकाश किती आखूड झाले आहे, हे दिसते. टाटांना १९२९ मध्ये ज्या बॉम्बे फ्लाइंग क्लबातून वैमानिकाचा परवाना मिळाला, त्याच संस्थेत आरोही शिकली; आणि तीच संस्था आज आमच्या धुळ्याच्या धावपट्टीवर नव्या पोरांना पंख देत आहे. त्या पोरांना आपण कोणते आकाश देणार आहोत, हा या लेखाचा खरा प्रश्न होय.

म्हणून आम्हांस चार गोष्टी सुचवावयाच्या आहेत. पहिली : दोन टनांखालील खाजगी विमानांना युरोपप्रमाणे भारताने मार्गशुल्क माफ करावे, तिजोरीस त्याची झळ लागणार नाही आणि शेजाऱ्यांपुढे उदाहरण राहील. दुसरी : मंजुरीचा अर्ज एकाच खिडकीत घ्यावा, खात्यांनी आपसात कागद फिरवावेत, आणि ठराविक दिवसांत कारणासह होकार किंवा नकार द्यावा. नकाराने माणूस दुसरी वाट शोधतो; मौनाने तो केवळ कुजत बसतो. तिसरी : हवाई संरक्षणाची तपासणी कडक ठेवावी, परंतु ती विमान, वैमानिक व माल यांची असावी, केवळ अर्जाच्या रकान्यांची नसावी. १९३४ चा विमान कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आहे. नव्या कायद्याखालचे नियम लिहिताना पुरुलियाचा हा धडा लिहिणाऱ्यांच्या समोर असावा. चौथी : दक्षिण आशियातील राष्ट्रांनी, राजकारण कितीही बिघडले तरी, वैद्यकीय कामाची, संकटात सापडलेली आणि अतिहलकी खाजगी विमाने यांच्यासाठी एक अरुंद पण कायमचा मार्ग मोकळा ठेवण्याचा करार करावा. १९५२ च्या तंट्यातून अरुंद मार्ग निघाले होते. ते आज अशक्य का असावे?

यातील शेवटची सूचना वाचून अनेक जण हसतील. सरहद्दीवर रक्त सांडत असता ही कसली स्वप्ने, असे म्हणतील. त्यांना आम्ही मुक्ताईच्या गावची कथा सांगतो. योगबळाचा गर्व घेऊन चांगदेव वाघावर बसून आला, तेव्हा ती भावंडे ज्या भिंतीवर बसली होती ती भिंतच त्याच्या भेटीस चालू लागली, अशी लोकांची श्रद्धा आहे. भिंत ही अडविण्यासाठी असते; परंतु मनात आणले तर तीच भेटीस जाण्याचे वाहनही होते. मुक्ताई वयाने लहान होती, आणि तरी चांगदेवाने तिलाच गुरू मानले. मोठ्याने लहानापासून शिकावयाचे असते, ही या मातीची परंपरा आहे.

१५ ऑक्टोबर २०३२ रोजी टाटांच्या त्या उड्डाणास शंभर वर्षे पूर्ण होतील. भारत सरकारने आतापासून, गाजावाजा न करता, एक अर्ज तयार ठेवावा : त्या दिवशी सकाळी कराचीहून एक इंजिनाचे एक विमान निघेल, अहमदाबादेस उतरेल आणि दुपारी जुहूस पोहोचेल. त्यात एक वैमानिक आणि टपालाची एक थैली असेल. त्याचे वजन दोन टनांहून कमी असेल; सबब शुल्क शून्य. मागावयाची आहे ती केवळ वाट. पाकिस्तानने नाही म्हटले तर जगास कळेल की दार कोणी लावले आहे. परंतु अर्ज आपल्याकडून गेला नाही, तर त्या दिवशी उत्तर देण्याची जबाबदारी आपली राहील.